मदत हवी आहे: चौकटीतली वाळवी नेमकी कोणती?

राजापूरजवळ आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं घर आहे. मे महिन्यात गेलो तर माजघराच्या चौकटीवर जोत्यापासून मातीची नळी चढलेली. स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून रंग शाबूत, आत सगळं पोकळ. आई त्या दारातून जाताना अजून चौकटीला हात लावून जाते, फार वाईट वाटलं.

औषध मारणाऱ्याला बोलावलं. तो म्हणतो, वाळवी ती वाळवी, भिंतीलगत फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडू. मला आधी जात कळायला हवी आहे. पोकळीत नुसती माती नव्हती, लगदा वाळून झालेल्या पुठ्ठ्यासारखा तपकिरी, भोकाभोकांचा गोळा होता. लाकूडही ओलसर, कारण वरची दोन कौलं फुटलीत. कॉप्टोटर्मिस वाळवी अशी ओल मिळाली की वरच लाकडात दुसरं घरटं करते आणि जमिनीशी संबंध तुटला तरी तग धरते. तसं असेल तर खाली कितीही औषध ओतलं तरी वरची वाळवी जिवंतच राहणार.

वाळवीचे सैनिक, म्हणजे घरट्याची राखण करणाऱ्या वाळव्या, भिंगाखाली पाहिले. डोकं पिवळं, पुढे निमुळतं. टूथपिक लावली की पांढरा, दुधासारखा थेंब येतो. ओडोन्टोटर्मिस या दुसऱ्या वाळवीचे सैनिकही द्रव सोडतात, पण तोंडातून. इथे थेंब कपाळावरच्या भोकातून आला, तीनदा खात्री केली. हेटरोटर्मिस म्हणावी तर तिचं डोकं लांबट आयताकृती असतं. अंगणातल्या आंब्याच्या सालीवर मातीचा पापुद्रा आहे, त्याखालची मात्र वेगळी निघाली: डाव्या जबड्यावर स्पष्ट दात.

म्हणजे घरातली कॉप्टोटर्मिस हेमी आणि आंब्यावरची ओडोन्टोटर्मिस, हे बरोबर आहे का? हेमी आणि कॉप्टोटर्मिसचीच दुसरी जात गेस्ट्रोई यांतला फरक साध्या भिंगाने कळतो का?

आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात कुणी नमुना दिलाय का? कसा द्यायचा?

भर: प्रतिसादांत कामकरी वाळवीचे फोटो मागितलेत, पण त्यांच्यावरून जात ठरवणं कठीण, म्हणून वीसेक सैनिक ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेत. कौलं कालच बदलली. औषधवाल्याला पुढच्या रविवारपर्यंत थांबवलंय, त्याआधी कळलं तर फार उपकार होतील.