भूतान : गाइड हवाच का?

'गाइड म्हणजे नुसता खर्च' असं कुणीतरी लिहिलंय, ते मला पटलं नाही. आपल्याला, म्हणजे भारतीयांना, दर रात्री माणशी १२०० रुपये एसडीएफ (पर्यटकांवरचा सरकारी कर) भरावाच लागतो. मग गाइडसाठीच कशाला हात आखडता घ्यायचा?

आमच्या गाइडला पहिल्याच दिवशी सांगितलं, रोज एकच ठिकाण, पण निवांत. पुनाखाला झोंगच्या, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठाच्या, दारात त्याने खांद्यावरची पिशवी उघडून पांढरं कबने (लांब उपरणं) काढलं, अंगातल्या घोवरून, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्यावरून, तिरकं गुंडाळलं, घड्या नीट केल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. सामान्य माणसाचं पांढरं, राजाचं पिवळं, हे तिथे उभ्या उभ्या कळलं. बाहेर फो छू आणि मो छू या नद्यांचा संगम. अर्धा दिवस तिथेच गेला, आणि बरं झालं.

तक्त्संगला, म्हणजे कड्यावरच्या मठाला, चढताना घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच, उतरताना तोही नाही. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही मधल्या कॅफेटेरियापर्यंतच गेलो. समोर कड्याला चिकटलेला मठ, हातात चहा. ठरावीक पॅकेजवाल्यांची धावपळ बघून कीव आली!

हिवाळ्यात जाणार असाल तर फोबजिखा खोऱ्यातले काळ्या मानेचे क्रौंच पक्षी दाखवायला गाइडला सांगा. आणि एमा दात्शी, म्हणजे मिरच्या नि चीजचा पदार्थ, जपून खा. तिथे मिरची ही भाजी आहे.