परदेश दौऱ्यातला मैत्रीपूर्ण सामना: हरलो तरी जायचं का?

मुरमाचं मैदान (लातूर)

४ जून २०२५ ला भारताचा फुटबॉल संघ थायलंडमध्ये मैत्रीपूर्ण सामना ०-२ हरला. सहा दिवसांनी हाँगकाँगमध्ये आशिया चषकाचा पात्रता सामना, तोही भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१ गेला. तेव्हापासून 'बाहेर जाऊन मार कशाला खायचा, मैत्रीपूर्ण सामने घरीच ठेवा' म्हणणारे वाढलेत. मला हे पटत नाही. फिफा विंडोतले (म्हणजे क्लबांनी खेळाडू सोडलेच पाहिजेत त्या ठरावीक दिवसांतले) निम्म्याहून जास्त मैत्रीपूर्ण सामने परदेशात, आपल्यापेक्षा वरच्या संघाशी, त्यांच्याच मैदानावर व्हायला हवेत.

२०२३ बघा. इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल कप, बंगळुरूचा सॅफ (दक्षिण आशियाई देशांचा) चषक. तिन्ही स्पर्धा घरी, तिन्ही करंडक आपले, संघ क्रमवारीत शंभराच्या आत. मग जानेवारी २०२४ ला कतारमध्ये आशिया चषक: ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन सामन्यांत एकही गोल नाही.

आता त्याआधीचा आशिया चषक. ऑक्टोबर २०१८ ला सुझोऊमध्ये चीनशी ०-०, नोव्हेंबरला अम्मानमध्ये जॉर्डनकडून १-२, २७ डिसेंबरला अबुधाबीत ओमानशी ०-०. एकही विजय नाही. पण ६ जानेवारी २०१९ ला त्याच अबुधाबीत थायलंडला ४-१ ने हरवलं. वरच्या संघासमोर चेंडू नसताना बचावाची आणि मधली अशा दोन ओळी कशा धरायच्या, याची तीन महिने परीक्षा झाली होती. घरच्या सामन्यात ती परीक्षा होतच नाही, कारण खालचा संघ आला की चेंडू आपल्याच पायाशी असतो.

गोलखांब (छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, २०२३ ची गोष्ट अर्धीच सांगितलीत. आशिया चषकाआधी संघ बाहेर खेळला होता की. सप्टेंबरला थायलंडमध्ये किंग्ज कप, इराकशी २-२ करून पेनल्टींवर हार, मग लेबनॉनकडून ०-१. ऑक्टोबरला मलेशियात मर्डेका स्पर्धा, यजमानांकडून २-४. तरी कतारमध्ये काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

आणि २०१०? आशिया चषकाच्या तयारीत नोव्हेंबरला अबुधाबीत कुवेतकडून १-९. चार दिवसांनी यूएईकडून ०-५. जानेवारी २०११ ला प्रत्यक्ष स्पर्धेत ऑस्ट्रेलिया ०-४, बहरीन २-५, दक्षिण कोरिया १-४, म्हणजे तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले. बाहेर खेळून शिकायला मिळतं, तर नऊ गोल खाऊन संघ काय शिकला?

घरच्या सामन्याचा फायदा मोजता येतो. जून २०१८ ला मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध ५-० जिंकलो तेव्हा स्टेडियमात २,५६९ प्रेक्षक होते. कर्णधार सुनील छेत्रीनं आवाहन केलं आणि दोन दिवसांनी केनियाविरुद्धची सगळी तिकिटं संपली. मराठवाड्यातल्या पोरांनी राष्ट्रीय संघ डोळ्यानं बघावा असं वाटत असेल, तर तो मुंबई-पुण्यात तरी यायला हवा. सुझोऊला कोण जाणार?

डावा बॅक (नांदेड)

दोघंही निकालावरून भांडताय. मी दिवस मोजतो.

विंडो सोमवारी उघडते, पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी संपते. नऊ दिवस, जास्तीत जास्त दोन सामने. कागदावर लई वाटतात. आता प्रत्यक्ष बघा. रविवारी रात्री लीगचा सामना खेळलेला खेळाडू सोमवारी दुपारपर्यंत विमानात. मंगळवारी पाय मोकळे करणं, मालिश, थोडं पोहणं, बस. त्या दिवशी जोराचा सराव घेतला की मांडीचा मागचा स्नायू ताणलाच म्हणून समजा. बुधवारी एकच पूर्ण सराव, तोही ७० मिनिटांचा. गुरुवारी सामना. शुक्रवारी जे खेळले त्यांना आराम, जे बसले त्यांचा सराव. शनिवार-रविवार खरे कामाचे. सोमवारी हलका सराव आणि सेट-पीस (फ्री-किक, कॉर्नर), मंगळवारी दुसरा सामना. धरून-बांधून तीन सराव!

आता यात दुसऱ्या देशाचा प्रवास घुसवा. शुक्रवार किंवा शनिवार विमानतळावर जातो आणि तिनाचे दोन सराव होतात. शरीराचं घड्याळ नव्या वेळेला जुळायला साधारण तासाला एक दिवस लागतो असा ढोबळ हिशेब आहे. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढं, हाँगकाँग अडीच. हे झेपतं. आखातही झेपतं. युरोपात साडेतीन-साडेचार तासांचा फरक पडतो, शिवाय थंडी.

आणि जोडणीची विमानं. अम्मानच्या त्या सामन्याआधी कुवेतमध्ये पावसानं पूर आला, उड्डाणं रद्द झाली, संघाचे दोन तुकडे झाले आणि काही खेळाडू फार उशिरा पोहोचले. पंचविसाव्या मिनिटाला जॉर्डनच्या गोलरक्षकानं, आमेर शफीनं, स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला चेंडू टप्पा घेऊन आपल्या गोलरक्षकाच्या, गुरप्रीतच्या, डोक्यावरून जाळीत गेला. त्याला नुसतं नशीब म्हणू नका. वारा कुठून आहे आणि त्या गवतावर चेंडू किती उसळतो, हे आदल्या दिवशी त्याच मैदानावर तासभर घालवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं: परदेशात जा, पण एका विंडोत एकच मुक्काम. दोन्ही सामने एकाच शहरात किंवा बसनं जाता येईल इतक्या अंतरावर. मार्च २०२२ ला बहरीन आणि बेलारूस, दोन्ही सामने बहरीनमध्येच झाले. दोन्ही हरलो (१-२, ०-३), पण आखणी बरोबर होती.

आकडेमोड (बीड)

क्रमवारीचं गणित कुणी मांडलंच नाही, आणि सोडतीतला कप्पा (गट पाडण्याआधी संघांची ताकदीनुसार वाटणी करतात तो) त्यावरच ठरतो.

ऑगस्ट २०१८ पासून फिफा जुन्या गुणांत बेरीज-वजाबाकी करते. सामन्याचं वजन × (निकाल − अपेक्षित निकाल). विजय १, बरोबरी ०.५, हार ०. विंडोतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन १०, विंडोबाहेर ५, पात्रता सामन्याचं २५. अपेक्षित निकाल दोन संघांच्या गुणफरकावरून निघतो.

समजा समोरचा २०० गुणांनी वर आहे. आपला अपेक्षित निकाल ०.३२. जिंकलो तर +६.८, बरोबरी केली तर +१.८, हरलो तर −३.२. आता समोरचा २०० गुणांनी खाली आहे असं धरा. जिंकलो तर फक्त +३.२, बरोबरी −१.८, हरलो तर −६.८. म्हणजे खालच्या संघावरचे दोन विजय मिळूनही वरच्या संघावरच्या एका विजयाला गाठत नाहीत. गोलफरक यात धरतच नाहीत. सहा गोलांनी हरा की एकानं, वजाबाकी तेवढीच.

इथपर्यंत लातूरकरांची बाजू. पण या सूत्रात घरचं मैदानही धरत नाहीत. तोच वरचा संघ घरी बोलावला तर गणित जसंच्या तसं, आणि जिंकायची शक्यता मात्र वाढलेली. मग वरचा संघ हवा तर तो इकडं आणा. बाहेर जायचं कारण गुणांमध्ये सापडत नाही.

मुरमाचं मैदान (लातूर)

आकडेमोड सर, सूत्र बरोबर. पण वरचा संघ इकडं येतो का? त्यालाही तेच नऊ दिवस आहेत. सहसा पाहुणा संघ विमानभाडं भरतो आणि यजमान हॉटेल, बस, सरावाचं मैदान देतो. पाहुणा जितका मोठा तितकं यजमानालाच सगळं द्यावं लागतं, वर मानधन. २ सप्टेंबर २०११ ला कोलकात्यात अर्जेंटिना-व्हेनेझुएला झाला, स्टेडियम फुललं, मेस्सी दिसला. भारतीय संघाला त्या दिवशी एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. जाण्याचा खर्च बोलावण्यापेक्षा कमी पडतो, एवढं साधं आहे.

आणि कप्प्याचं म्हणाल तर २०२७ च्या आशिया चषक पात्रतेत भारत पहिल्याच कप्प्यात होता. गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. गटातला एकच संघ पुढं जाणार होता, आणि आपण गेलो नाही. क्रमवारीनं सोपा गट दिला, खेळ कुठून द्यायचा?

नांदेडकर दादांचं 'एक विंडो, एक मुक्काम' मात्र मान्य. माझ्या पहिल्या लिखाणात ते नव्हतं, असायला हवं होतं.

ज्वारीचं रान (परभणी)

गवताबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडं.

आपल्याकडं बहुतेक मैदानं मुरमाची. चेंडू वेडावाकडा उसळतो, म्हणून पोरं तो आधी तळव्याखाली दाबतात आणि मग बघतात. आखातात गवत बारीक कापलेलं असतं, सामन्याआधी पाणी मारतात आणि चेंडू घसरत येतो. तळव्यानं दाबायला गेलं की तो दोन पावलं पुढं निघून जातो आणि तोवर समोरचा अंगावर. तिथं चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं, अंग आधीच वळवून, पुढच्या दिशेला घ्यावा लागतो. लीगमधले खेळाडू चांगल्या गवतावर खेळतात हे खरं, पण लहानपणी लागलेली सवय दमल्यावर परत येते, सत्तराव्या मिनिटानंतर.

उष्णतेचं उलटं आहे. परभणीचा मे महिना सोसलेल्याला दुबई जड जात नाही असं लोक म्हणतात. ते तितकं खरं नाही. अंगाला ऊन सोसायला दहा ते चौदा दिवस रोज त्या उन्हात घाम गाळावा लागतो, आणि वातानुकूलित खोलीत आठवडा काढला की ती सवय उतरायला लागते. आखाताची दमट हवा आणखी वेगळी. घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. नऊ दिवसांच्या विंडोत हे जमत नाही. म्हणून मोठ्या स्पर्धेआधी परदेशात सामना नव्हे, शिबिर हवं, किमान दोन आठवड्यांचं, आणि सामना त्याच्या शेवटी. ओमानचा २०१८ चा सामना काहीसा तसा होता: स्पर्धेच्या देशात, दारं बंद करून, विंडोबाहेर. वजन ५ असल्यानं हरण्याची भीतीही कमी.

राखीव बाक (जालना)

गोलखांब दादा, कुवेतच्या १-९ वरून तुम्ही दौरा मोडीत काढताय. मला तिथं वेगळी चूक दिसते. सामना कशासाठी आहे हे आधी ठरवायला हवं आणि मग प्रतिस्पर्धी निवडायला हवा.

मार्च २०२१ चं उदाहरण घ्या. दुबईत ओमानविरुद्ध दहा खेळाडूंनी पदार्पण केलं आणि १-१ बरोबरी आणली. चार दिवसांनी यूएईविरुद्ध ०-६, अली मबखूतची हॅटट्रिक. लोकांनी सहा गोल लक्षात ठेवले. पण नवे खेळाडू तपासणं हेच काम असेल तर ती जागा बरोबरच होती. पात्रता सामन्यात दहा पदार्पणं कोण करील? चूक झाली ती बचावाच्या ओळीत. अनोळखी जोड्या आणि ओळ वर चढलेली. ज्याला मागची मोकळी जागा आवडते अशा स्ट्रायकरसमोर ओळ पंधरा मीटर मागं घ्यायला हवी होती. दोन नवीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) एकत्र उतरवू नयेत, एक जुना आणि एक नवा ठेवावा, म्हणजे 'पुढं' आणि 'मागं' ओरडायला एक आवाज असतो.

गोलखांब (छत्रपती संभाजीनगर)

ताई, जोडीचा मुद्दा पटला. पण मग हेही घ्या. ऑगस्ट २०२५ ला ताजिकिस्तानमध्ये, काफा नेशन्स कपात (मध्य आशियाई संघटनेच्या स्पर्धेत), तिथल्याच संघाला २-१ हरवलं, गोल अन्वर अली आणि झिंगन या दोन बचावपटूंचे. पुढं ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक. परदेशात, वरच्या संघांशी, अगदी लातूरकरांच्या मनासारखं. पहिला सामना विंडो उघडण्याआधी होता, काही खेळाडू क्लबांनी सोडलेच नाहीत, तरी जिंकलो. आणि ऑक्टोबरला, आशिया चषकाच्या पात्रतेत? सिंगापूरला जाऊन १-१, मग मडगावला, आपल्याच प्रेक्षकांसमोर, त्यांच्याकडूनच १-२. ज्या सामन्यावर सगळं होतं तो घरी गेला. घरी चेंडू आपल्याकडं असताना काय करायचं, हे शिकवणारे सामने कुठं खेळणार?

मुरमाचं मैदान (लातूर)

हा प्रश्न मला अडवतो, मान्य करतो. खोल बसलेल्या संघाची ओळ फोडायचा सराव वरच्या संघाशी होत नाही. त्यासाठी घरी, खालच्या संघाशीच खेळावं लागेल. तरी माझं प्रमाण तीनास एक राहील. तीन बाहेर.

वेस (धाराशिव)

एक जुनी गोष्ट सांगतो. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता त्या काळात हैदराबाद पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ सलग पाच रोव्हर्स कप जिंकले, ते मुंबईत जाऊन. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्तात, विरोधी प्रेक्षकांसमोर, दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण घेऊन आला. त्याआधी १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा मार खाल्ला होता, बरेच जण अनवाणी खेळले होते. त्यानंतरच बूट सक्तीचे झाले. घरी खेळत राहिलो असतो तर बूट आणखी किती वर्षांनी आले असते?

आपल्या जिल्हा संघांनाही हेच लागू. नांदेडहून हैदराबाद, धाराशिवहून सोलापूर, संभाजीनगरहून पुणे. रात्रभर बसमध्ये काढून सकाळी दहाला मैदानात उतरवतात, तिथंच सामना जातो. आदल्या दुपारी पोहोचा, संध्याकाळी त्याच मैदानावर ४० मिनिटं चेंडू फिरवा, कृत्रिम गवत असेल तर लांब खिळ्यांचे बूट घालू नका, गुडघे जातात.

डावा बॅक (नांदेड)

वेस सर, बुटांचं बरोबर. आणखी एक, सगळ्यांसाठी. २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या विंडो एकत्र होऊन सोळा दिवसांची, चार सामन्यांची एकच विंडो होतेय. मी मांडलेलं तीन सरावांचं रडगाणं तिथं संपतं. पहिले दोन सामने बाहेर, एकाच मुक्कामात. मग दोन दिवस प्रवास-आराम, आणि शेवटचे दोन घरी. पण खेळाडूंना बोलावणं विंडोच्या १५ दिवस आधी लेखी जावं लागतं. म्हणजे प्रतिस्पर्धी त्याच्याही बरेच महिने आधी ठरायला हवेत.

गोलखांब (छत्रपती संभाजीनगर)

दोन बाहेर, दोन घरी, यावर मी सही करतो. तीनास एकवर नाही. आणि घरच्या दोनांतला एक पुण्यात.