मदत हवी आहे: १:८ एम.जी. टी.सी. मॉडेलचे मीटर उलटसुलट बसलेत का? परत करायला चारच दिवस उरलेत

नमस्कार मंडळी,

जाणकारांनी जरा लवकर बघा ही विनंती. विकणाऱ्याने आठ दिवसांत परत घेईन म्हणून शब्द दिलाय, त्यातले चार गेले.

मी चिपळूणला असतो. १:१८ ची (खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी) मॉडेलं बरीच वर्षं जमवतोय. मोठ्या मापाचं एकच घ्यायचं आणि तेही एम.जी. टी.सी. या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचंच, हे कधीचं मनात होतं. दीड वर्ष पैसे बाजूला टाकले आणि गेल्या आठवड्यात १:८ चं एक वापरलेलं मॉडेल घेतलं. रंग हिरवा, लांबी बरोबर ४४ सेंटिमीटर, टप कापडी, बॉनेट मधल्या बिजागरीवर दोन्हीकडून पंखांसारखं उघडतं. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही.

ओळखीच्या एका संग्राहकांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला, "मीटरची अदलाबदल झालीय, परत कर." भिंग घेऊन पाहिलं तर खरंच, स्टिअरिंग उजवीकडे आणि त्याच्यासमोर आरपीएमची (इंजिनाच्या फेऱ्यांची) तबकडी. स्पीडोमीटर पार डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात! पेट्रोलचा काटा तर कुठेच नाही. बॅटरीची मायनसऐवजी प्लसची तार सरळ बॉडीला जोडलेली. खोक्यावर अमेरिकेचा झेंडा आहे आणि गाडी मात्र उजव्या स्टिअरिंगची.

तबकड्या स्वतःच बदलाव्यात म्हणून डॅशबोर्डखालचे दोन स्क्रू मी काढलेत. तिसरा घट्ट बसलाय. जोर लावला तर डोकं घासून जाईल अशी भीती वाटते.

दुसरी काळजी बॉनेटची. डाव्या पाखावर रंगाखाली मोहरीएवढे तीन फोड आहेत. आणि टायर ज्या प्लॅस्टिकच्या चौथऱ्यावर टेकतात तिथे चिकटपणा आहे, टायर उचलला की खाली नक्षीचा ठसा दिसतो.

ठेवू की परत करू?

---

गिअरबॉक्स

तिसऱ्या स्क्रूला हात लावू नका. काढलेले दोन आधी डबीत ठेवा आणि डबीवर चिठ्ठी लावा. बाकी माहितगार सांगतीलच, पण फोटोवरून घाबरून परत करायची घाई नको.

---

टेम्सकाठचा

मी ऑक्सफर्डजवळ राहतो, अॅबिंग्डन इथून जवळच. टी.सी. तिथल्याच कारखान्यात बनायची. एका मित्राच्या खऱ्या टी.सी.खाली दर उन्हाळ्यात दोन-चार शनिवार तरी आडवा असतो, म्हणून खात्रीने लिहितो: तुमचे मीटर अगदी बरोबर जागी आहेत. कृपा करून बदलू नका.

खऱ्या गाडीत ते असेच आहेत. ही स्पोर्ट्स गाडी. चालवणाऱ्याला गिअर टाकताना इंजिनाचे फेरे समोर दिसायला हवेत म्हणून ते त्याच्यासमोर, आणि वेग शेजाऱ्यासमोर. मग चालवणाऱ्याला वेग कळणार कसा? डॅशबोर्डवर एक छोटा दिवा शोधा. ताशी २० मैलांच्या पुढे गेलं की तो लागतो आणि ३० ओलांडले की विझतो. ब्रिटनमध्ये १९३५ पासून वस्तीत ३० मैलांची मर्यादा आहे, त्याची ही आठवण. पेट्रोलला काटा नाही, टाकी खाली होत आली की हिरवा दिवा लागतो. हे दोन्ही दिवे तुमच्या मॉडेलात असतील तर बनवणाऱ्याने खरी गाडी नीट बघितलीय असं समजा.

प्लस बॉडीला हेही बरोबर. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत सर्रास तसंच असे.

झेंड्याचं म्हणाल तर १९४५ ते १९४९ मध्ये सुमारे दहा हजार टी.सी. बनल्या आणि डाव्या स्टिअरिंगची एकही नव्हती. अमेरिकेत गेलेल्या सुमारे दोन हजार गाड्याही उजव्याच. शेवटी शेवटी तिकडच्यांसाठी बंपर आणि लुकलुकणारे दिवे दिले, स्टिअरिंग होतं तिथेच राहिलं. तुमच्याला बंपर आहेत का?

दोन गोष्टी मोजून सांगा. स्पोकच्या चाकाची नुसती रिम किती मिलिमीटर भरते? आणि चाकाच्या मधल्या कानवाल्या नटावर 'अन्डू' (म्हणजे सोडवा) लिहून बाण असेल, तर तो चारही चाकांवर कुठल्या दिशेला आहे?

---

धागाकर्ता

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचून दोन्ही स्क्रू परत बसवले. दोन्ही दिवे आहेत! हिरवा तर खसखशीच्या दाण्याएवढा, भिंगाशिवाय दिसलाच नव्हता. बंपर आहेत, पुढे आणि मागेही.

रिम ६० मिमी. बाण चारही चाकांवर एकाच दिशेचे, घड्याळाच्या उलट.

---

टेम्सकाठचा

बंपर म्हणजे खोक्यावरचा झेंडाही बरोबर. रिमही चोख. टी.सी.ला १९ इंची चाकं, आठाने भागलं की ६० मिमीच येतात.

चूक नटांत आहे. खऱ्या गाडीत डाव्या चाकांना सरळ आटे आणि उजव्या चाकांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट आवळत जावा म्हणून. बाजू बदलून बसवले तर चालत्या गाडीत नट सुटत येतो. लक्षात ठेवायची खूण अशी, की बाणाची वरची कड दोन्ही बाजूंना गाडीच्या तोंडाकडे जायला हवी. तुमच्या उजव्या दोन चाकांवर ती मागे जातेय. एकाच साच्यातून चारही नट काढलेत. मला विचाराल तर एवढ्यासाठी मॉडेल परत करू नये, पण चूक ही खरी चूक आहे आणि विकणाऱ्याला सांगायला हवी.

जाता जाता एक सांगतो, मला ही गाडी आवडते ती यासाठीच. इंजिन इंग्लिश, पण त्याचे आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या इंग्लिश मापाची! हे इंजिन बनवणारा, मॉरिस या इंग्लिश मोटार कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. १९२३ मध्ये मॉरिसने तो घेतला, यंत्रं फ्रेंच मापाची होती, तीच चालू ठेवली. इंग्लिश मेकॅनिकचे पाने चालावेत म्हणून डोकी तेवढी इंग्लिश केली. पहिल्यांदा त्या गाडीचा बोल्ट बदलायला गेलो तेव्हा पाना छान बसला आणि नवा बोल्ट काही केल्या आत जाईना. अर्धा दिवस गेला तेव्हा हे कळलं.

---

खारं वारं

मी मालवणचा, त्यामुळे बॉनेट आणि टायर हा माझा विषय.

आधी टायर. मऊ रबरातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि कडक प्लॅस्टिकला विरघळवतं. टायर आजच चौथऱ्यावरून सुटे करा. अॅक्सलखाली लाकडाचे ठोकळे द्या, चाकं अधांतरी राहू देत. काचेवर टेकली तरी चालतील. थिनर वगैरे लावू नका, ओलसर कापड आणि साधा साबण बास.

आता फोड. यावरच तुमचा निर्णय आहे. दोन शक्यता. एक, दमट हवेने रंग उचललाय. हे दिसायला वाईट असतं, पण धातू शाबूत असतो. दुसरी, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूतच शिसं मिसळलेलं असेल तर तो आतून कुजतो. फुगतो, केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी तुकडे होतात. त्याला औषध नाही. माझी एक गाडी अशी गेलीय. शोकेसमध्ये नुसती उभी होती, एक दिवस दार हातात आलं.

कसं ओळखायचं? बॉनेट उघडून आतल्या बाजूने, जिथे रंग पातळ असतो, तिरप्या उजेडात बघा. जाळीसारख्या भेगा दिसल्या किंवा पाख बिजागरीपाशी फुगून घासत असेल, तर आजच परत करा. नुसते फोड असतील आणि पाख अलगद बसत असेल तर ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या महिन्याला बदला.

---

धागाकर्ता

रात्री लाईट गेलेली, त्यामुळे टॉर्च आडवा धरून बघितलं. आतून एकही भेग नाही. दोन्ही पाखांखाली कागदाची पट्टी सरकवली, दोन्हीकडे सारखीच सरकते. डाव्या पाखावर आतूनही रंगाची एक खपली सुटलीय, पण खाली धातू गुळगुळीत आणि करडा आहे.

विकणाऱ्यांना नटांचं सांगितलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी आपणहून थोडे पैसे कमी केले.

मॉडेल ठेवतोय. सध्या दोन ठोकळ्यांवर उभं आहे.

आता एवढंच विचारायचंय: उजव्या दोन नटांवरचे बाण पितळेवर अगदी उथळ कोरलेत. ते घासून काढून उलट दिशेला परत कोरून देणारा कुणी नक्षीकाम करणारा कारागीर कोल्हापूर-सांगलीकडे कुणाच्या माहितीत आहे का? नट जेमतेम १० मिमीचा आहे.