मॉर्फिनवरचे निर्बंध: सैल करावेत की आणखी आवळावेत?

सांगलीकर:
माझ्या मामींना तोंडाचा कर्करोग होता. शेवटी शेवटी ट्रॅमाडॉल या वेदनाशामकानं काही भागेना, त्याहून जोरदार मॉर्फिन हवं होतं. गालाला उशी लागली तरी किंचाळायच्या. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "मॉर्फिन आम्ही ठेवत नाही, मुंबईला न्या." एका गोळीसाठी एवढा प्रवास! 2014 मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन ठेवायला रुग्णालयाला ढीगभर परवान्यांऐवजी आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. तरी कितीतरी रुग्णालयं त्या वाटेलाच जात नाहीत. मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला पिकते आणि आपलेच रुग्ण तळमळतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला ही मान्यता सक्तीची करा.

राजश्री:
मामींचं वाचून फार वाईट वाटलं. तरीही माझा विरोध आहे. अमेरिकेत 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे मॉर्फिनच्याच जातीचं वेदनाशामक आलं. व्यसनाचा धोका कमी, असं सांगून कंपनीनं ते डॉक्टरांच्या गळी उतरवलं. 2007 मध्ये कंपनीनं दिशाभुलीचा गुन्हा कबूल केला, पण तोवर घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली होती. आपल्याकडे ट्रॅमाडॉल 2018 मध्ये एनडीपीएसखाली आणावं लागलं, ते उगाच नाही. पंजाबात नशेनं काय झालं ते बघा.

सांगलीकर:
अमेरिकेत त्या गोळ्या साध्या कंबरदुखीलाही दिल्या. मी मरणाच्या दारातल्या माणसाबद्दल बोलतोय. शिवाय तिथं नंतर उलटा अतिरेक झाला. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेतले डोसाचे आकडे कायद्यासारखे लावले गेले, जुन्या रुग्णांची औषधं एकदम तोडली गेली. 2022 मध्ये ती सुधारावी लागली.

भूलतज्ज्ञ, नाशिक:
खरी अडचण मान्यतेच्या कागदात नाही, धास्तीत आहे. साठा नोंदवहीशी जुळला नाही तर चौकशी लागते, आणि एनडीपीएस कायद्याचं नाव काढलं की डॉक्टरांना तुरुंगच दिसतो. मग औषध न ठेवणंच सोपं वाटतं. नुसत्या सक्तीनं कपाटात बाटल्या येतील, पण लिहून देणारा हात येणार नाही. केरळात असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचं काम करणारे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी डॉक्टर-नर्स शिकवल्या, घरोघरी जाणारी पथकं उभी केली. तोंडावाटे द्यायचं मॉर्फिन तिथं रुळलं ते त्यामुळे.

राजश्री:
प्रशिक्षणाचं पटतं. पण रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत कोण घेणार? त्याच घरात कॉलेजात जाणारी मुलं असतात. त्याची चोख व्यवस्था होईपर्यंत माझा सक्तीला पाठिंबा नाही.

सांगलीकर:
घरी येणारी नर्सच त्या मोजून परत नेईल, तशी नोंद ठेवा. पण तेवढ्यासाठी आजच्या रुग्णाला थांबवू नका.