किमान वर्षभर टिकलेली सवय: मुंबईकरांनो, तुमच्या घरातलं सांगा

पर्यावरणपूरक राहण्यासाठी काय काय करावं, याच्या याद्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. इथे त्या नकोत. मुंबईतल्या घरात, पाण्याची वेळ आणि सकाळची लोकल सांभाळून तुम्ही केलेली आणि किमान वर्षभर टिकलेली एखादी गोष्ट लिहा. कशी जमली, कुठे अडलं, घरचे काय म्हणाले? फसलं असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो. सुरुवात मीच करते.

मुलुंड

२०१८ मध्ये मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं. त्याआधी वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. बंद झालं तेव्हा फार बरं वाटलं, पण मग मनात आलं की आपला कचरा आता दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीखाली जाणार. म्हणून रंगाचे दोन रिकामे डबे आणले, भोकं पाडली आणि बाल्कनीत विटांवर ठेवले.

उन्हाळाभर छान चाललं. जुलैत सगळं बिघडलं. डब्यात पाणी सुटलं, आंबूस वास येऊ लागला, झाकणाला आतून अळ्या. सासूबाई म्हणाल्या, "एक तर हा डबा काढ, नाहीतर मला गावी पाठव." पावसाळ्यात इथली हवाच इतकी दमट की ओलं सुकत नाही, आणि आत हवा खेळली नाही की कचरा नुसता सडतो, त्याचं खत होत नाही. तेव्हापासून एक वाटी ओल्याला दोन वाट्या कोरडं: नारळाच्या शेंडीचा भुसा, सुकी पानं, वर्तमानपत्राचे तुकडे. दर तिसऱ्या दिवशी खालचं वर करते. आंबट ताकाचा एक हबका. शिजवलेलं अन्न आणि माशांचे काटे डब्यात अजिबात जात नाहीत. अळ्या दिसल्या तर आता मी घाबरत नाही, त्याही कचराच खातात. कोरडं वाढवलं की कमी होतात.

अडीच-तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं, पहिल्या पावसासारखा वास येतो. सासूबाई आता चहाचा चोथा स्वतः धुऊन, पिळून डब्यात टाकतात. दुधा-साखरेचा अंश राहिला तर मुंग्या येतात, हे त्यांनीच शोधून काढलं.

घाटकोपर (माहेर शहापूर)

माझा अनुभव पाण्याचा आहे, आणि तो मला मनापासून सांगायचा आहे. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं, त्यातला सगळ्यात मोठा वाटा भातसाचा. भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यात कितीतरी गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. लहानपणी मामाच्या गावी मी हंडा घेऊन त्या रांगेत उभी राहिले आहे.

लग्नानंतर इथे आले तर स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारा आरओ बसवलेला. त्याची वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली. एक दिवस ती बादलीत धरली. एक कळशी पिण्याचं पाणी भरेपर्यंत बादली भरून वाहायला लागली! मी कितीतरी वेळ त्या बादलीकडे बघत उभी होते.

मग पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मोजून घेतला. महापालिकेचं पाणी तलावाचं, त्यात क्षार मुळातच कमी. आमच्याकडे आकडा १०० च्याही खाली आला. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं. आम्ही तो काढला. आता पाणी गाळून, उकळून घेतो, कारण इमारतीच्या टाकीचा भरवसा नाही आणि जंतूंची भीती खरी आहे. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे त्यांनी मात्र मोजल्याशिवाय काही काढू नका. आरओ ठेवावाच लागला तर ती नळी बादलीत सोडा. लादी पुसायला, संडासात ओतायला ते पाणी चांगलं चालतं.

वर्सोवा

छोटीशी गोष्ट. २०१८ ला प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून मासे आणायला स्टीलचा डबा. आमची मासेवाली मावशी बांगडे साफ करून थेट डब्यात टाकते. सुरमईच्या तुकड्यांना पुरेल असा लांबट डबा बघून घ्या, गोल डब्यात ते मोडतात.

गिरगाव

आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. आजोबांपासून विसर्जन चौपाटीवर. शाडूची मूर्ती आम्ही आधीच आणत होतो, पण घरी बादलीत विसर्जन म्हटल्यावर बाबा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने बाप्पाला निरोप म्हणजे समुद्र, आणि मला तेही समजत होतं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर घेऊन गेले. ओहोटीच्या वाळूत पीओपीचे हात, सोंडा, अर्धे मुकुट पडले होते. बाबांनी वाकून एक हात उचलला, त्यावरची वाळू झटकली आणि कठड्यावर ठेवला. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी तांब्याचं घंगाळ त्यांनीच घासून ठेवलं होतं. आरती झाली, मूर्ती पाण्यात ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी नुसती माती. थोडी तुळशीत घालतो, बाकी वाळवून मूर्तिकाराला परत देतो. ते पुन्हा वापरतात.

बोरिवली

माझं फसलेलं. उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे सगळे डबे भंगारात दिले आणि काचेच्या बरण्या आणल्या. ते डबे अजून दहा वर्षं टिकले असते. आता वाटतं, जे घरात आहे ते तुटेपर्यंत वापरायला हवं होतं. आईच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवून घेतली, ते मात्र जमलं.

चेंबूर

देवनारचं डम्पिंग ग्राउंड इथून जवळ. १९२७ पासून तिथे शहराचा कचरा पडतोय. २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धूर आमच्या घरात होता, मुलाला दम्याचा त्रास, रात्र रात्र बसून काढली. ओला-सुका वेगळा करायला आम्ही तेव्हा लागलो.

पण खरा बदल नंतर झाला. कचरा न्यायला येणाऱ्या ताई एका सकाळी हाताला फडकं गुंडाळून आल्या. आमच्याच मजल्यावरच्या पिशवीत फुटलेला ग्लास होता, तळहातात गेला होता. कुणाच्या घरचा ते त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र माहीत होतं, आदल्या रात्री ग्लास माझ्याच हातून फुटला होता. मी त्यांना दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले.

आता काच, ब्लेड, सुया जाड पुठ्ठ्यात गुंडाळते, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहिते आणि ताईंच्या हातात वेगळी देते. पेन शोधण्यात आळस होऊ नये म्हणून मार्कर सुतळीने कचऱ्याच्या डब्याच्या कडीलाच बांधून ठेवला आहे.