३५ लाख घरांचे उद्दिष्ट आणि एक गुंठ्याचा प्लॉट: तुकडेबंदी सैल करणे योग्य आहे का?

वेशीवरचा

राज्याच्या मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले आणि २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली आणि १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात शहरी हद्दीत, विकास प्राधिकरणांच्या क्षेत्रात व गावठाणालगत झालेले तुकड्यांचे व्यवहार कोणतेही शुल्क न घेता नियमित करण्याची वाट मोकळी झाली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून गुंठा-दीड गुंठा घेतला त्यांच्या नावावर तो व्हावा, याला माझा विरोध नाही. माझी हरकत पुढच्या गोष्टीला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने असा व्यवहार नियमित करण्यासाठी बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागत होती, २०२४ मध्ये ती पाच टक्क्यांवर आली आणि आता शून्यावर. मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्याचेही तसेच झाले. १ जानेवारी २००१ ही पात्रतेची तारीख पुढे सरकत ३१ डिसेंबर २०२० वर गेली. अशा स्थितीत आज नवे प्लॉट पाडणाऱ्याने 'यापुढे नाही' या शब्दांवर का विश्वास ठेवावा?

आमचे गाव पुणे महानगर प्रदेशाच्या हद्दीत येते. तिथे प्लॉटिंग कसे होते ते हिशेबाने सांगतो, म्हणजे मोह कुठे आहे ते कळेल. साधारण ४० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब असा एकराचा पट्टा घ्या. नियमानुसार रेखांकन मंजूर करायचे तर मधून नऊ मीटरचा रस्ता काढावा लागतो, त्यात नऊ गुंठे जातात. दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे आणखी चार. विकायला २७ गुंठे उरतात. तोच पट्टा फक्की मारून आणि चार दगड पुरून विकला, मधून दहा फुटांची वाट ठेवली, तर तीन गुंठे जातात आणि ३७ विकता येतात. हे जास्तीचे दहा गुंठे विकणाऱ्याच्या खिशात जातात, आणि पुढे आग लागली, गरोदर बाईला न्यायचे झाले किंवा सांडपाण्याची वाहिनी टाकायची झाली, की त्याच दहा गुंठ्यांची किंमत प्लॉट घेणारा भरतो. आमच्या मागच्या वस्तीत शोषखड्डा आणि शेजारच्याची बोअर यांत पंधरा फुटांचेही अंतर नाही.

माझी मागणी एवढीच आहे की जुने नियमित करताना आणि नवे पाडताना, दोन्ही वेळा, रस्त्याची जमीन आधी ग्रामपंचायतीच्या किंवा प्राधिकरणाच्या नावावर व्हावी आणि त्यानंतरच प्लॉटांचे सातबारे वेगळे व्हावेत. सभासदांनी मते मांडावीत.

प्लॉटधारक

धागाकर्त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो वस्तीच्या बाहेर उभे राहून मांडलेला आहे. मी आत राहतो.

२०१४ मध्ये आम्ही नऊ जणांनी मिळून ११ गुंठे घेतले, कारण एकट्याचा गुंठा नोंदवला जात नव्हता आणि अकरा गुंठ्यांचे खरेदीखत होत होते. सातबाऱ्यावर नऊ नावे एकाखाली एक आहेत आणि क्षेत्र समाईक आहे. कोणत्या कोपऱ्यात कोणाचे घर, हे ठरवणारा कागद म्हणजे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर केलेली नोटरी. बँकेने कर्ज नाकारले, कारण बाकीच्या आठांच्या सह्या हव्या होत्या आणि त्यातले दोघे परगावी होते. शेवटी पतसंस्थेतून जास्त व्याजाने पैसे उचलले आणि घर तीन टप्प्यांत बांधले. जिना अजून उघडा आहे.

आम्ही नियम मोडायला म्हणून घराबाहेर पडलो नव्हतो. नियमाप्रमाणे विकत घेता येईल असे आमच्या ऐपतीत काही शिल्लकच नव्हते. मंजूर रेखांकनातला सर्वांत लहान प्लॉट आमच्या तालुक्यात दोन-अडीच गुंठ्यांचा असायचा आणि त्याचा गुंठ्याचा दर आमच्या दुपटीहून अधिक. शासनाने वेळेत योजना आखली असती तर आम्ही तिथे रांगेत उभे राहिलो असतो. पुणे महानगर प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. या दहा वर्षांत माझ्या मुलीचे शाळेत जाणे सुरू होऊन ती दहावीला आली. आराखड्याची वाट पाहत भाड्याच्या खोलीत राहायला हवे होते, असे ज्यांना वाटते त्यांनी तसे स्पष्ट लिहावे.

आता नियमित होण्याची संधी आली आहे तर 'आधी रस्त्याची जमीन द्या' ही अट घालणे म्हणजे आमच्यातल्या एका आडमुठ्या शेजाऱ्याच्या हातात उरलेल्या आठांची चावी देणे होय.

आखणीकार

नगररचनेच्या कामात बरीच वर्षे काढल्यामुळे दोन्ही बाजूंच्या एका समान गृहीतकाला हात घालतो. एक गुंठा म्हणजे फार लहान, अपवादाने चालवून घ्यायचे क्षेत्र, असे दोघेही धरून चालले आहेत. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. मुंबईत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप आणि गोराई येथे जमीन व सुविधा देण्याची योजना राबवली गेली, तिच्यात दुर्बल गटासाठी २५ आणि ४० चौरस मीटरचेही प्लॉट होते, म्हणजे पाव ते अर्ध्या गुंठ्याच्या आसपासचे. लोकांनी त्यावर आपापल्या ऐपतीप्रमाणे खोली बांधली, मग मजला चढवला. आज त्या भागात फिरून पाहा. झोपडपट्टी झाली का?

तिथे आणि या धाग्यातल्या वस्तीत प्लॉटच्या आकाराने फरक पडलेला नाही. चारकोपला आधी रस्ते, पाणी आणि गटारे आली, प्लॉट नंतर वाटले गेले, आणि काही घरांमिळून एक चौक, त्याची एक सहकारी संस्था अशी मांडणी ठेवली गेली. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांमध्ये ४,००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या रेखांकनात २० टक्के जागा ३० ते ५० चौरस मीटरच्या लहान प्लॉटांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे लहान प्लॉट शासनाला मान्यच आहेत. गोची अशी की मुळात ही तरतूद मोठ्या महापालिकांच्या हद्दीपुरतीच होती, आणि जमीन अजून परवडते ती हद्दीबाहेर.

त्यामुळे धागाकर्त्यांना माझा पाठिंबा अर्धाच आहे. तुकडा लहान करू द्यावा, अगदी अर्ध्या गुंठ्यापर्यंत. रस्ता मात्र लहान करू देऊ नये. आणि ३५ लाखांचा आकडा जिल्ह्यानुसार, तालुक्यानुसार फोडून त्यातले किती सदनिका असतील आणि किती प्लॉट, हे विकास आराखड्यात लिहिल्याशिवाय त्या उद्दिष्टाला स्थानिक पातळीवर काही अर्थ नाही. आमच्या खात्यात बागेला, शाळेला, दवाखान्याला आरक्षण टाकताना लोकसंख्येचे मापदंड लावले जात. गरिबाच्या प्लॉटसाठी तसा मापदंड मी कधी वापरलेला आठवत नाही.

कोरडवाहू

चर्चा चांगली चालली आहे, फक्त जमीन ज्याची आहे तो अजून कोणाला दिसलेला नाही.

धागाकर्ते म्हणतात, रस्त्याला नऊ गुंठे आणि खुल्या जागेला चार सोडा. ज्याच्याकडे एकर आहे तो सोडेलही. माझ्याकडे भावकीच्या वाटपानंतर सोळा गुंठे उरले आहेत, लांबट आणि बांधाला तिरके. त्यातून नऊ मीटरचा रस्ता काढला तर शेजारच्या गटाला फुकट रस्ता मिळेल आणि मला बांध. आणि शेतकरी नेहमी प्लॉटिंगचा धंदा करायला म्हणून गुंठा विकत नाही. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मला तीन आठवड्यांत पैसे उभे करायचे होते. रेखांकन मंजूर करून घेण्यासाठी मोजणीची फी, वास्तुविशारदाची फी आणि वर्ष-दीड वर्षाचा वेळ माझ्याकडे नव्हता. गावातल्याच एका गवंड्याला दोन गुंठे दिले, त्याने रोख दिले, आणि आज तो तिथे राहतो.

आता कोणीतरी येऊन नगररचना योजनेचे नाव घेणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते काढून, प्रत्येकाला आटोपशीर अंतिम भूखंड परत द्यायचा, ही कल्पना १९१५ च्या कायद्यापासून आपल्याकडे आहे आणि कागदावर ती सुंदर दिसते. पनवेलच्या बाजूला, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात तेच चालू आहे, तिथे मालकाला ४० टक्के जमीन परत मिळते. मोठ्या खातेदाराला वाढीव चटईक्षेत्रामुळे, म्हणजे जादा बांधकामाच्या मुभेमुळे, ते परवडत असेल. माझ्या सोळाचे सहा-साडेसहा गुंठे होतात, आणि ते हातात केव्हा पडतील हे सांगायला कोणी तयार नसते. पुण्यातल्या मगरपट्टा सिटीचे उदाहरणही देऊ नये. तिथे सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र आणले हे खरे, पण त्यातली बहुतांश जमीन एका भावकीची होती आणि शहर दारात येऊन उभे होते. आमच्या गावात दोन सख्खे भाऊ बांधावरच्या बाभळीवरून कोर्टात आहेत.

वेशीवरचा

कोरडवाहू यांचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. अडचणीतली एक-दोन गुंठ्यांची विक्री आणि धंद्यासाठी पाडलेले चाळीस प्लॉट यांना एकच अट लावणे अन्यायाचे होईल. एका गटातून पाचपेक्षा अधिक तुकडे विकले जात असतील तेव्हाच रस्त्याची अट लागू करावी, अशी सुधारणा सुचवतो. आकडा पाचच का, असे विचाराल तर त्याला शास्त्र नाही.

प्लॉटधारक यांनी आराखड्याच्या दिरंगाईबद्दल लिहिले ते खरेच आहे, परंतु शासन उशीर करते म्हणून वाट दहा फुटांची असावी, हे त्यातून सिद्ध होत नाही. विकणाऱ्याने वीसेक फूट वाचवले ते तुमच्या भल्यासाठी नव्हे.

आखणीकार

पाचचा आकडा घातलात तर प्रत्येक गटातून वर्षाला चार-चार तुकडे विकले जातील. अशा पळवाटा मी टेबलापलीकडून पाहिल्या आहेत. संख्येऐवजी गटाचे क्षेत्र पाहावे आणि रस्ता गटापुरता न आखता चार-पाच गटांमधून मिळून आखावा, म्हणजे कोरडवाहू यांच्या तिरक्या पट्ट्यावर सगळा भार पडणार नाही. त्यासाठी संपूर्ण नगररचना योजना लागत नाही. गावठाणाभोवतीच्या पट्ट्यात फक्त रस्त्यांचे जाळे नकाशावर आखून ठेवले आणि ज्याची जमीन त्यात जाते त्याला हस्तांतरणीय विकास हक्काऐवजी (दुसरीकडे बांधकामासाठी विकता येणाऱ्या हक्काऐवजी) रोख मोबदला दिला, तरी पुष्कळ काम होईल. गावात विकास हक्काचे प्रमाणपत्र घेऊन शेतकऱ्याने जायचे कुठे?

सातबारा

मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो. कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी.

तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा शेती किफायतशीर राहावी म्हणून केलेला होता. घरांच्या प्लॉटांवर नियंत्रण ठेवणे हे त्याचे काम कधीच नव्हते. ते काम आपण त्याच्या गळ्यात नंतर अडकवले. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांची दस्तनोंदणी थांबवली, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले. नोंदणी थांबली तेव्हा व्यवहार थांबले नव्हते, ते नोटरीकडे गेले. त्यामुळे सातबाऱ्याच्या इतर हक्कातला तुकड्याचा शेरा निघणे ही चांगलीच गोष्ट आहे आणि प्लॉटधारक यांना त्यासाठी ताटकळत ठेवू नये.

दुसरी गोष्ट अधिक त्रासाची आहे आणि धाग्यात तिचा उल्लेख अजून आलेला नाही. प्लॉट नियमित झाले तरी वाटेचे क्षेत्र कोणाच्या नावावर राहते? बहुतेक प्रकरणांत मूळ मालकाच्या. खरेदीखतात 'पूर्वेस दहा फुटी रस्ता' एवढे चतुःसीमेत लिहिलेले असते आणि विक्री मात्र फक्त प्लॉटच्या क्षेत्राची झालेली असते. पंधरा वर्षांनी मालकाचे वारस येतात आणि ती पट्टी आमची आहे म्हणून दगड टाकतात. जाण्यायेण्याचा सुखाधिकार न्यायालयात सांगता येतो आणि बऱ्याचदा मिळतोही. परंतु पायी जाण्याच्या वाटेखालून जलवाहिनी टाकू द्यायची की नाही, हा वेगळा दावा होतो आणि त्याच्या तारखा वर्षानुवर्षे पडतात. माझ्याकडे सध्या असे तीन दावे आहेत.

प्लॉटधारक यांनी आपल्या मूळ गटाचा सातबारा एकदा काढून पाहावा.

प्लॉटधारक

काढला. आमचे ११ गुंठे आमच्या नऊ नावांवर आहेत. मुख्य रस्त्यापासून आमच्यापर्यंत येणारी वाट त्या ११ गुंठ्यांत नाही. विकणाऱ्याच्या खात्यावर तीन गुंठे शिल्लक दिसतात आणि मोजून पाहिले तर ती वाटच आहे. तो गृहस्थ २०१९ मध्ये वारला. फेरफाराने चार वारसांची नावे लागली आहेत, त्यातल्या एक ताई सोलापूरला असतात.

धागाकर्त्यांची अट आम्हाला आडमुठ्या शेजाऱ्याच्या हाती देईल असे मी वर लिहिले होते. इथे आडवा येऊ शकणारा माणूस शेजारी नाहीच, हे मला अकरा वर्षांनी कळले. सातबारा यांना विचारायचे आहे की वारसांनी ती पट्टी ग्रामपंचायतीला बक्षीसपत्राने द्यायची ठरवली तर चौघांच्याही सह्या लागतील का, आणि मुद्रांक कोणी भरायचा.

सातबारा

चौघांच्याही लागतील. मुद्रांक तुम्ही नऊ जणांनी वाटून भरलेला बरा, वारसांना त्यासाठी खिशात हात घालायला लावू नका. आणि विनंती करायला आत्ताच जा, तुमचे प्लॉट नियमित झाल्याची बातमी गावात पसरण्याआधी.

कोरडवाहू

आणि सोलापूरच्या ताईंकडे आधी जा. भावांनी सही केल्यावर त्यांना विचारलेत तर त्या करणार नाहीत.