मॅकेन्झी डर्नने मॅट सोडला, चुकलं का?

फोंडेकर: आमची बाय म्हापशाला जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी घालून लढायची ब्राझीलची कुस्ती, शिकायला जाते. सध्या घरात त्याच खेळातल्या मॅकेन्झी डर्नशिवाय विषय नाही. (ब्राझीलमध्ये गुरूला 'मेस्त्रे' म्हणतात, हे ऐकून आमच्या आईला वाटलं नात मेस्ताकडे सुतारकाम शिकते.) माझं मत सरळ आहे: डर्न चुकली. वडील वेलिंग्टन 'मेगाटन' डियास स्वतः ब्लॅक बेल्ट, पोर तीन वर्षांची असल्यापासून मॅटवर. १९व्या वर्षी ब्लॅक बेल्ट. २०१५ला एडीसीसी ही पकडीच्या कुस्तीची मोठी जागतिक स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी अबू धाबीत खुल्या गटात गॅबी गार्सियाला हरवलं. गॅबी सहा फूट दोन इंच, ही पाच फूट चार! आणि अशी ऐन भरात असताना २०१६ला एमएमएत (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालतं त्या पिंजऱ्यातल्या लढतींत) गेली. ठोसे खायला. त्यापेक्षा बिया मेस्किता बघा, मॅटवरच राहिली आणि दहा जागतिक विजेतेपदं घेतली.

माशेलची माई: राहून तिला मिळणार काय होतं, ते सांगा की. त्याच २०१५च्या एडीसीसीत पुरुषांना पाच वजनगट, बायकांना दोन: साठ किलोच्या आत आणि साठच्या वर. बक्षीसही बायकांना कमी. ऑलिंपिकमध्ये हा खेळच नाही. नुसती पदकं भिंतीला लावून चूल पेटत नाही हो.

डिचोलीकर: पैशासाठी गेली तर मग नीट खेळायचं. २०१८ला वजनात सात पौंड जास्त भरली, म्हणजे तीन किलोच्या वर! लढत जिंकली, पण समोरची अमांडा कूपर बिचारी वजन उतरवून आली होती. आमच्या पोरांनी असं केलं तर सर मॅटवर पाय ठेवू देणार नाहीत.

माशेलची माई: वजनाचं मान्य. तिथे तिची बाजू घेणार नाही. पण पुढचंही सांगा ना. जून २०१९ला मुलगी झाली आणि ऑक्टोबरात ही पिंजऱ्यात. चार महिन्यांत! अमांडा रिबासकडून हरली, करिअरमधली पहिली हार. आमच्याकडे बाळंतीण चार महिन्यांनी विहिरीवर गेली तरी सासू ओरडते. मे २०२०ला परत आली आणि हॅना सायफर्सचा गुडघा असा धरला की पहिल्याच फेरीत लढत संपली. यूएफसीत (एमएमएच्या लढती भरवणारी सगळ्यात मोठी संस्था) बाईने पायाच्या पकडीवर जिंकलेली ती पहिली लढत. ही पकड कुठून आली? मॅटवरूनच. तिने जिउ-जित्सू सोडलं नाही, बरोबर घेऊन गेली. आणि ऑक्टोबर २०२५ला अबू धाबीत व्हिर्ना जांदिरोबाला पाच फेऱ्यांत हरवून यूएफसीच्या विजेतेपदाचा पट्टा घेतला. समोरचीही जिउ-जित्सूची ब्लॅक बेल्ट, बरं का.

डिचोलीकर: पट्टा रिकामा होता. आधीची विजेती झांग वेइली वरच्या वजनगटात गेली म्हणून.

माशेलची माई: रिकामी खुर्ची दिसली म्हणून कोणीही जाऊन बसत नाही, बाबा. आणि फोंडेकर, तुमची बियासुद्धा एमएमएत गेली. ऑक्टोबर २०२५लाच रिओत यूएफसीची पहिली लढत जिंकली तिने.

फोंडेकर: बियाचं मला ठाऊक नव्हतं, हरलो. पण माझा मुद्दा पैशाचा नाही, माई. पावसाळ्यात गी (जिउ-जित्सूचा जाड पोशाख) दोन दिवस फॅनखाली टांगली तरी वाळत नाही, कॉलरला बुरशी धरते. बाय तीच ओलसर गी पिशवीत कोंबून, बोटांना टेप गुंडाळून सकाळी कदंबा बस पकडते. दोन वर्षं झाली, अजून पांढऱ्यानंतरचा निळा पट्टा नाही. इतकं सोसून मिळवलेलं एक दिवस बाजूला टाकायचं, हे मला बापाला पटत नाही. डर्नच्या बापाला कसं पटलं असेल?

माशेलची माई: गीला व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा आधी. बापाचं मग बघू.

फोंडेकर: भिजवतो. पण तेवढ्यावर भागत नाही. काल बाय विचारत होती, बॉक्सिंगचे ग्लव्ह्ज केवढ्याला येतात. तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.